लागते म्हंजे कोणाले लागते?

मागच्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंचा सोनोग्राफीचा रिपोर्ट माझ्याकडे आला, पण त्याआधी त्यांच्या घरी दोन दिवस रडारड झाली होती. रिपोर्ट पहिल्यांदा वाचला तो पुतण्याने. पोरगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. घरात येणारा प्रत्येक इंग्रजी कागद तोच वाचतो. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'मॅलिग्नन्सी मस्ट बी रूल्ड आउट'. 'मॅलिग्नन्सी' त्याने मोबाइलवर शोधला. 'मस्ट बी' त्याला येतच होतं. आणि पुढचे दोन शब्द डोक्यात शिरायच्या आत तो बोलून गेला, "काकू, कॅन्सर असलाच पायजे म्हंते हे."

काकूंनी जेवण सोडलं. तिसऱ्या दिवशी कोणाला तरी आठवलं की समोरच्या घरात कोर्टाचे कागद इंग्रजीतून मराठीत करून देणारा एक माणूस राहतो. तो मी. मी वाचून सांगितलं की डॉक्टर म्हणतो, कॅन्सर नाही ना याची खात्री करून घेतली पाहिजे. म्हणजे अजून कोणालाच काही माहीत नाही, पुढची तपासणी करा. तपासणी झाली, गाठ साधी निघाली. काकू आता सकाळच्या फिरण्यात मला मागे टाकतात.

त्या पोराला सगळे हसले. मला नाही हसू आलं. त्याने 'मस्ट'चा अर्थ चुकीचा लावला नव्हता. त्या शब्दाला दोन अर्थ आहेत, त्याने दुसराच उचलला, एवढंच. आणि दोन्ही अर्थांना मराठीत त्याच्याजवळ एकच शब्द होता, 'पाहिजे'. वीस वर्षं हेच काम करतो आहे म्हणून सांगतो, आपल्याकडे बड्या शब्दांनी जेवढे घोटाळे होत नाहीत तेवढे या चिमुकल्या क्रियापदांनी होतात. मस्ट, शॅल, शुड, मे. आणि त्यांच्या जागी आपण वापरतो ते पाहिजे, असेल, यावे, लागते.

'यू मस्ट गो' म्हणजे तू गेलंच पाहिजेस. ही सक्ती. 'ही मस्ट बी ॲट होम' म्हणजे तो घरीच असणार. हा अंदाज. पहिल्या वाक्यात बोलणाऱ्याच्या हातात अधिकार असतो, दुसऱ्यात नुसता तर्क. फिनलंडच्या फॉन राइट या तर्कशास्त्रज्ञाने १९५१ साली या दोन जाती वेगळ्या करून मांडल्या, कर्तव्याची वेगळी आणि ज्ञानाची वेगळी. पण इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला हे कोणी शिकवावं लागत नाही. त्याचा मस्ट भूतकाळात गेला की आपोआप फुटतो. सक्तीचा होतो 'हॅड टू गो', जावं लागलं. अंदाजाचा होतो 'मस्ट हॅव गॉन', गेला असणार. नकारात तर तीन फाटे. 'मस्ट नॉट' म्हणजे करता कामा नये, 'नीड नॉट' म्हणजे केलं नाही तरी चालतं, आणि 'कान्ट बी' म्हणजे असणं शक्यच नाही.

आमच्याकडच्या क्लासमध्ये मात्र वहीत एक रकाना असतो. मस्ट म्हणजे च पाहिजे, शुड म्हणजे पाहिजे, मे म्हणजे कदाचित. पोरं ते पाठ करतात. मग 'फी आजच भरली पाहिजे असं नाही' याचं इंग्रजी करा म्हटलं की बेधडक लिहितात, 'यू मस्ट नॉट पे द फीज टुडे'. संस्थाचालकाने वाचलं तर चक्करच येईल.

अंदाजाच्या मस्टमध्ये एक गंमत आहे. शब्द जोराचा, पण विधान कमजोर. 'साहेब ऑफिसात आहेत' म्हणणाऱ्याने साहेबांना पाहिलेलं असतं. 'साहेब ऑफिसातच असले पाहिजेत' म्हणणाऱ्याने पाहिलेलं नसतं. 'च' लावून आपण शंका झाकायला जातो आणि तीच उघडी पडते. रिपोर्टमध्ये खरोखरच 'मस्ट बी कॅन्सर' असतं तरी काकूंना थोडी आशा ठेवायला जागा होती, कारण खात्री असलेला डॉक्टर 'आहे' असं लिहितो.

या शब्दांची कुळं पाहिली तर आणखी मजा येते. जुन्या इंग्रजीत आजच्या 'मस्ट'चा पूर्वज परवानगी सांगायचा, मुभा आहे अशा अर्थाने. मुभेची सक्ती कधी झाली ते बोलणाऱ्यांना कळलंही नसेल. 'शॅल' मुळात देणं असणं, ऋणात असणं. आपला 'पाहिजे' तर 'पाहणे'चं जुनं कर्मणी रूप. बोलिजे, कीजे, पाहिजे. स्पर्धा परीक्षेवाली पोरं ज्याला पुराण कर्मणी म्हणून रट्टा मारतात, ते. त्यातलं 'पाहिजे' अजून जिवंत आहे. जे पाहिलं जातं, ज्याची वाट बघितली जाते, ते पाहिजे. आणि 'करावे'तला 'वे' संस्कृतच्या 'तव्य'कडून आलेला, कर्तव्यातला. शाळेच्या व्याकरणात याला विध्यर्थ म्हणतात आणि त्याखाली कर्तव्य, योग्यता, इच्छा, शक्यता, तर्क असे सगळे अर्थ एका टोपलीत देतात. 'मुलांनी अभ्यास करावा' हे कर्तव्य. 'तो आता गावी पोचला असावा' हा तर्क. प्रत्यय तोच.

तेव्हा इंग्रजी संदिग्ध आणि मराठी स्वच्छ, असा काही माझा दावा नाही. दोन्हीकडे तोच घोळ आहे. फरक असा की घरात, रस्त्यावर बोलताना आपण मराठीत फार बारीक फरक करतो आणि कागदावर आलो की सगळं विसरतो.

घरातलं बघा. अंगणात ओली छत्री दिसली तर 'पाऊस आला असणार'. नुसता मातीचा वास आला तर 'आला असावा'. खिडक्या बंद, काही कळत नाही, तर 'आला असेल', आमच्या नागपूरकडच्या बोलीत 'आला असन'. किती पुरावा हाताशी आहे त्यावर क्रियापदाची शेपूट बदलते. सक्तीचंही तसंच. 'जायला हवं' म्हणजे मनात आहे पण पाय निघत नाहीत. 'गेलंच पाहिजे' म्हणजे ठरलं. 'जावं लागतं' म्हणजे इच्छा नाही, कोणीतरी भाग पाडतं. मुभेसाठी तर आपल्याकडे 'चालते' आहे, ज्याची बरोबरी इंग्रजीचा 'मे' करूच शकत नाही. "चप्पल घालून आत आलं तं चालते का?" या प्रश्नात परवानगीही आली, रीतही आली आणि समोरच्याचा मानही राहिला.

आणि मग सरकारी कागद. संविधानाचा बावन्नावा अनुच्छेद इंग्रजीत म्हणतो की 'देअर शॅल बी अ प्रेसिडेंट ऑफ इंडिया'. अधिकृत मराठीत तो 'भारताचा एक राष्ट्रपती असेल' असा आहे. कायद्याच्या मराठीची सवय नसलेल्या माणसाला हे वाक्य वाचून दाखवा. मी पक्षकारांना दाखवलं आहे. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं होतं, "असन म्हंजे? नक्की नाही का?" त्याचं काय चुकलं? मराठीत 'असेल' म्हणजे अंदाज. 'साहेब जेवायला गेले असतील', 'किल्ली कपाटात असेल'. इंग्रजीचा शॅल दिसायला भविष्यकाळी, आतून आज्ञा. भाषांतरकाराने भविष्यकाळ तेवढा उचलला. आज्ञा तिकडेच राहिली. मूलभूत कर्तव्यांचंही तेच झालं आहे, प्रत्येक नागरिकाचे हे कर्तव्य 'असेल'. मी स्वतः शेकडो दस्तऐवजांत शॅलसाठी 'असेल' आणि 'करील' लिहिलं आहे, कारण रूढी तीच. मीही त्यातलाच आहे.

'मे'चं कायद्याच्या मराठीत 'करता येईल' होतं. या दोन शब्दांची किंमत विदर्भातल्या माणसाला वेगळी सांगायला नको. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आलं आणि राजधानीचं शहर राजधानी राहिलं नाही. त्याच वेळच्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ मध्ये तरतूद आली की विदर्भ, मराठवाडा आणि इतर भागांसाठी वेगळी विकास मंडळं स्थापण्याची विशेष जबाबदारी राष्ट्रपती आदेशाने राज्यपालांवर टाकू शकतात. शब्द आहे 'मे'. शॅल नाही. तो 'मे' प्रत्यक्षात उतरला १९९४ साली. मधली अडतीस वर्षं सरकारने संविधान मोडलं असं कोणी म्हणू शकत नव्हतं, कारण 'करता येईल' हे न करूनही पाळता येतं. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, तेव्हाही वाढवलीच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नव्हतं. अनुशेषाची, म्हणजे मागे राहिलेल्या विकासाची, आकडेमोड करणाऱ्या विद्वानांनी सिंचनाचे, रस्त्यांचे, नोकऱ्यांचे तक्ते मांडले, ते बरोबरच केलं. मला वाटतं त्या तक्त्यांच्या डोक्यावर एक ओळ या 'मे'चीही हवी होती.

नागपूर कराराचं उलट. २८ सप्टेंबर १९५३ च्या त्या करारात दरवर्षी विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन नागपुरात भरण्याचं ठरलं. तो कायदा नव्हे, नेत्यांनी आपसात दिलेला शब्द. तरी लोकांनी तो 'भरलंच पाहिजे' असा वाचला आणि बहुतेक डिसेंबरांत मोर्चे, मंडप, पोलिसांचे तंबू यांच्यासकट ते भरत गेलं. कोरोनाच्या काळात २०२० आणि २०२१ चं हिवाळी अधिवेशन मुंबईत झालं तेव्हा इथे आरडाओरड झाली. म्हणजे एकीकडे संविधानातला मुभेचा शब्द अडतीस वर्षं झोपून राहिला, आणि दुसरीकडे कायद्याचं बळ नसलेला शब्द लोकांच्या रेट्याने सक्तीचा झाला.

याच शहरातलं आणखी एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. त्या १ नोव्हेंबरच्या बरोबर अठरा दिवस आधी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, आज ज्याला दीक्षाभूमी म्हणतात त्या मैदानावर लाखो लोकांनी बाबासाहेबांच्या मागून बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. इंग्रजी भाषांतरात त्या 'आय शॅल'च्या आहेत. मराठीत 'मी चोरी करणार नाही', 'मी खोटे बोलणार नाही', 'मी दारू पिणार नाही'. 'करता कामा नये' नाही, 'करू नये' नाही, 'टाळण्यात यावे' तर नाहीच नाही. 'मी' आहे आणि 'णार नाही' आहे. बंधन आहे, पण ते बोलणाऱ्याने स्वतःवर घेतलेलं आहे, त्यामुळे कोणी कोणाला बांधलं हा प्रश्नच उरत नाही. मसुदा समितीच्या अध्यक्षपदी बसून ज्या माणसाने शॅल आणि मे यांचा शब्दाशब्दाला काथ्याकूट पाहिला, त्याने लोकांच्या तोंडी द्यायची वेळ आली तेव्हा मराठीचं सगळ्यात सरळ रूप दिलं. शॅलचं मराठी कसं करावं हे शिकायला मला त्या मैदानापलीकडे जायची गरज वाटत नाही.

आता 'यावे'. शासन निर्णय, परिपत्रकं, सूचना, सगळीकडे हा यावे नांदतो. अर्ज सादर करण्यात यावा. दक्षता घेण्यात यावी. कार्यवाही करण्यात यावी. कोणी करण्यात यावी? कर्ता गायब. न केल्यास काय? तेही गायब. मूळ इंग्रजीत एका ओळीत शॅल, दुसरीत शुड, तिसरीत मे असतं आणि मराठीत तिन्ही ओळी 'यावे'वर संपतात. इंग्रजी वाचणाऱ्याला कळतं की पहिली गोष्ट टाळता येणार नाही, दुसरी टाळायला सबळ कारण लागेल आणि तिसरी आपल्या मर्जीची. मराठी वाचणाऱ्याला तिन्ही सारख्याच वाटतात. राजभाषा अधिनियम १९६४ चा. त्याआधीपासून भाषा संचालनालय आहे, त्याने पदनामांचे, शासन व्यवहाराचे, न्यायव्यवहाराचे कोश काढले आणि ते माझ्या टेबलावर झिजेपर्यंत वापरले गेले आहेत. पण 'अधीक्षक' आणि 'अभियंता' ठरवून भागत नाही. अधीक्षकाने करायचंच आहे, करावं असं वाटतं आहे, की केलं तर चालणार आहे, हे 'अधीक्षक' या शब्दात कुठून येणार?

ही पोकळी खिडकीवरचा माणूस भरून काढतो. तो म्हणतो, 'लागते'.

'लागणे' हा आमच्या बोलीतला फार कामाचा शब्द. भूक लागते, ठेच लागते, रांग लागते, पैसे लागते आणि जा लागते. सगळ्यांत एकच गोष्ट समान, ती आपण करत नाही, ती आपल्याला होते. ठेचेला जसा मालक नसतो तसा 'लागते'लाही नसतो. काही महिन्यांपूर्वी एका दाखल्यासाठी मी एका कार्यालयात गेलो. नाव घेत नाही, कारण कोणतंही घेतलं तरी चालेल. सगळे कागद दिले. खिडकीतल्या भाऊंनी गठ्ठा चाळला आणि म्हणाले, "वीजबिल बी लागते."

मी म्हटलं, "कोणाले लागते?"

त्यांना वाटलं मी चेष्टा करतो. मागे रांग होती. माझ्यामागे नागपूरजवळच्या बुट्टीबोरीहून आलेल्या एक बाई होत्या, कडेवर पोर घेऊन, त्याही वैतागल्या. मी फॉर्मची मागची बाजू काढून भाऊंपुढे धरली. इंग्रजीत होतं की अर्जदाराला निवासाचा अधिकचा पुरावा 'मे बी आस्क्ड टू प्रोड्यूस', मागितला जाऊ शकतो. मराठीत होतं, 'निवासाचा अधिकचा पुरावा सादर करावा'. मुभेचं कर्तव्य झालं ते भाषांतरात, आणि कर्तव्याची ठेच झाली खिडकीवर. दोन पायऱ्यांत 'मे'चं 'लागते' झालं.

उलट्या दिशेचंही दाखवतो, नाहीतर म्हणाल की सरकारलाच धरून बसला. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ दुचाकीवर बसणाऱ्या प्रत्येकाने सार्वजनिक ठिकाणी हेल्मेट घालण्याबद्दल आहे. शब्द आहे शॅल. अपवाद तिथेच दिलेले आहेत, पगडी घालणाऱ्या शिखांचा वगैरे. नागपूरच्या व्हरायटी चौकात सिग्नलला उभं राहून पाहा, तो शॅल लोकांच्या कोपराला लटकलेला दिसतो. पोलीस दिसला की डोक्यावर चढतो. "घाला लागते आता, पुढं चौकी हाये." इथे सक्तीचा शब्द आपण सोयीने 'असला तर बरा' करून टाकला, आणि त्याला सरकारी 'परिधान करावे' या पाट्यांनी मदतच केली. 'हेल्मेट परिधान करावे' ही पाटी मला नेहमी लग्नपत्रिकेतल्या 'अगत्य येण्याचे करावे'ची सख्खी बहीण वाटते.

अंदाजाच्या बाजूला तर आकडेच द्यावे लागतील. हवामान खात्याच्या पत्रकाच्या तळाशी तक्ता असतो. त्यात 'लाइकली' म्हणजे २५ ते ५० टक्के, 'व्हेरी लाइकली' ५० ते ७५, 'मोस्ट लाइकली' ७५ च्या वर. हवामान बदलाच्या आंतरराष्ट्रीय अहवालांत हाच 'लाइकली' ६६ टक्क्यांच्या वर सुरू होतो. शब्द एक, विषय जवळजवळ एकच, आणि एकाचा 'लाइकली' दुसऱ्याच्या हिशोबाने त्या नावाला लायकच नाही. अमेरिकेच्या गुप्तचर खात्यात शर्मन केंट नावाच्या अधिकाऱ्याला १९५१ सालीच हा धडा मिळाला होता. युगोस्लाव्हियावर हल्ल्याची 'गंभीर शक्यता' आहे असं एका अहवालात सगळ्यांनी एकमताने लिहिलं, आणि नंतर विचारल्यावर कोणाच्या मनात २० टक्के निघाले, कोणाच्या ८०. आमच्याकडे पत्रकातला तक्ता बातमीत येतच नाही. येतं ते 'विदर्भात मुसळधार पाऊस पडणार'. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि अर्ध्या शहराच्या तळमजल्यांत पाणी शिरलं, तेव्हापासून आम्ही 'पडणार' शब्द ऐकला की गाड्या उंचावर नेऊन ठेवतो. चार वेळा पाऊस येत नाही, पाचव्या वेळी आम्ही नेत नाही. तसंच वर्तमानपत्रांचं ते लाडकं 'शक्यता नाकारता येत नाही'. इंग्रजीतून उसनं आणलेलं हे वाक्य कशालाही लावता येतं. उद्या फुटाळा तलावात मगर निघण्याची शक्यताही मला नाकारता येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या कागदामुळे माणसाचा पैसा, वेळ, हक्क किंवा जीव अडतो, त्या कागदाच्या मराठीत सक्ती, मनाई, सल्ला, मुभा आणि अंदाज यांची रूपं ठरवून टाका आणि मग ती बदलू नका. नवे शब्द पाडायची गरज नाही, सगळे घरात आहेत. सक्ती असेल तिथे 'केलेच पाहिजे' आणि सोबत कोणत्या नियमाने ते. मनाईला 'करता कामा नये'. सल्ल्याला 'करावे' खुशाल ठेवा, पण फक्त सल्ल्यालाच. मुभेला 'केले नाही तरी चालेल', हे नकारार्थी रूप मुद्दाम, कारण माणसाला तेच जाणून घ्यायचं असतं. आणि अंदाजाला 'असावे', शक्य तिथे आकड्यासकट. 'असेल'ला कायद्यातून सन्मानाने निवृत्त करा आणि किल्ली शोधण्याच्या कामी लावा.

हे जगात कोणी केलेलंच नाही अशातला भाग नाही. इंटरनेटची तांत्रिक मानकं लिहिणाऱ्यांनी मार्च १९९७ मध्ये दोन-तीन पानांचा एक कागद काढला, आरएफसी २११९. त्यात मस्ट, शुड आणि मे म्हणजे काय एवढंच सांगितलं आहे. मस्ट म्हणजे बिनशर्त. शुड म्हणजे सोडायला सबळ कारण असू शकतं, पण परिणाम पुरते तोलून मग सोडा. मे म्हणजे तुमची मर्जी. मिहान या नागपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांत काम करणारी आमची पोरं रोज या कागदाच्या हिशोबाने वागतात. २०१७ साली त्यात पुरवणी आली की हे शब्द मोठ्या लिपीत लिहिले असतील तरच हा अर्थ घ्यायचा. आपल्या देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही, तेवढी एक पळवाट आपल्याला बंद आहे, बरंच झालं. वकिलांच्या जगातही हे झालं आहे. दक्षिण आफ्रिकेचं १९९६ चं संविधान शॅलऐवजी मस्ट वापरतं. अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रियेचे नियम २००७ साली नव्याने लिहिले तेव्हा शॅलला रजा दिली, कारण तो कधी सक्ती, कधी भविष्य, कधी नुसता डौल असा फिरत होता.

यावर सिव्हिल लाइन्समधले माझे वकील मित्र हसतात. ते म्हणतात, शब्दाने काही ठरत नसतं, कोर्ट ठरवतं. खरं आहे. १९५७ च्या मनबोधनलाल श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद ३२० मधल्या लोकसेवा आयोगाशी सल्लामसलतीच्या 'शॅल'ला बंधनकारक मानलं नाही. हेतू, परिणाम, संदर्भ पाहून शॅलचा मे होतो आणि मेचा शॅलही. पण हा युक्तिवाद माझ्या बाजूचा आहे. जो वाद शेवटी दिल्लीत सुटतो तो बुट्टीबोरीच्या बाईने खिडकीवर कसा सोडवायचा? ज्याला उच्च न्यायालयाच्या पायऱ्या परवडतात त्याला संदिग्धता परवडते.

दुसरी हरकत सौजन्याची. 'यावे' नम्र आहे, 'केलेच पाहिजे' उद्धट वाटतं. मला नाही वाटत. बसच्या तिकिटाला पैसे द्यावेच लागतात हे कंडक्टर उद्धटपणा न करता सांगतो. उलट नम्रतेच्या आडून धाक दाखवण्याला काय म्हणायचं? तिसरी हरकत कोणी तोंडाने काढत नाही, पण खरी तीच आहे. संदिग्ध शब्दाने टेबलामागच्या माणसाच्या हातात काहीतरी राहतं. मुभा त्याची, सक्ती आपली. तो मुळीच वाईट माणूस नसतो. उद्या ऑडिटवाल्याने 'वीजबिल का नाही' विचारलं तर 'करावे' दाखवून त्यालाच धरतील, हे त्याला माहीत असतं, म्हणून तो सगळ्यांनाच सगळं मागतो. 'केले नाही तरी चालेल' असं छापलेलं असेल तर सुटका आधी त्याची होईल.

त्या दिवशी खिडकीवर पुढे काय झालं ते राहिलंच. भाऊंनी फॉर्म उलटा-सुलटा केला. इंग्रजी ओळीवर बोट ठेवून हळू वाचली. उठून आतल्या टेबलाकडे गेले, तिथल्या बाईंना दाखवली, दोघांचं काहीतरी बोलणं झालं. परत येऊन म्हणाले, "असन तं द्या."

"आणि नसन तं?"

"नसन तं..." त्यांनी शिक्का उचलला, शाईवर दाबला. "नसन तं चालते, काकाजी."

दाखला घेऊन मी बाजूला झालो. पिशवीत कागद नीट लावत होतो तेवढ्यात मागून आवाज आला, "ताई, वीजबिल आणलं का? वीजबिल लागते."